शेवट सांगायचा नाही

जळगाव जामोद,
१४ जून २०२४

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र दुसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या अंतर्देशीयवर हात सवयीने 'चि. सौ.' लिहून गेला. फाडलं आणि दुसरं आणायला पोस्टात गेलो. तिथला कचरू माझ्या कानाशी ओरडला, "बाबा, सध्या पत्रं लिहिता बी तुमीच अन् फाडता बी तुमीच!"

शेखरला जाऊन साडेतीन महिने झाले. तेरावं झाल्यापासून आपण एकमेकांना एक अक्षर लिहिलेलं नाही. तुझा फोन आला की योगिनी घेते आणि मला हातवारे करून सांगते, वहिनी बरी आहे, ऑफिसला जाते, जेवते. लेकीच्या घरी राहणाऱ्या बहिऱ्या बापाला सुनेची एवढीच बातमी मिळते. त्यातून माणूस कसा आहे ते कळत नाही.

म्हणून म्हटलं, आपलं जुनं पुन्हा सुरू करू. तू घरात आलीस तेव्हापासून सिनेमा तुम्ही दोघं पाहायचे आणि पत्र तू लिहायचीस, कारण शेखरचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नव्हतं. एकोणीस वर्षं मी दोघांची मतं वाचली. आता तुझं एकटीचं वाचीन. नियम तोच. काय वाट्टेल ते लिही, नट्यांना नावं ठेव, पण शेवट सांगायचा नाही. आमचे टॉकीजचे मालक म्हणायचे, गावात शेवट सांगत फिरणारा ऑपरेटर मला नको.

सुरुवात मी करतो. मागच्या आठवड्यात बसने मलकापूरला गेलो आणि आपल्याच टॉकीजमध्ये एक पोलिसाचा सिनेमा पाहिला. नाव विचारू नकोस. आम्ही रिळांच्या पेट्यांवरचे नंबर लक्षात ठेवणारी माणसं. इन्स्पेक्टर पाच मारामाऱ्या करतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही. तुला वाटेल, ऐकू येत नाही तर हा म्हातारा पाहतो काय? अगं, चौतीस वर्षं सिनेमाच्या मशिनच्या घरघरीत काढली. संवाद मला तेव्हाही ऐकू येत नव्हते. चेहऱ्यावरून सगळं कळतं.

मत: एकदा पाहायला हरकत नाही. खरं विचारशील तर मला काहीच वाटलं नाही. पण पाहिला.

तुझा,
मामाजी

---

बुलढाणा,
२४ जून २०२४

ती. मामाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. घरी दिवसभर कुणी नसतं. वैष्णवीचं अकोल्याचं कॉलेज सुरू झालं, लेक होस्टेलवर गेली.

तुमचं पत्र आल्यावर, लिहायला काहीतरी हवं म्हणून रविवारी दुपारचा सिनेमा पाहिला. एक म्हातारं जोडपं यात्रेहून परत येत असतं. यात्रा कंपनीची बस एका धाब्यावर थांबते, हे दोघं चहा पीत बसतात आणि बस निघून जाते. पिशवी बसमध्ये, पाकीट बसमध्ये. मग कधी ट्रकमध्ये, कधी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गावाकडे निघतात. नवरा जिथेतिथे रस्ता विचारतो आणि बायको म्हणते, तुम्हाला चुकीच्याच माणसाला विचारायची खोड आहे. लोक फार हसत होते. माझ्या शेजारच्या बाई तर डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत होते, हसायचं कुठे ते कळावं म्हणून.

बायकोचं काम करणारी चांगली आहे. तिचा पदर सारखा घसरतो आणि ती तो चिडून खोचते, ते खरं वाटतं. गाणी दोनच आहेत.

मत: चांगला आहे. दोघं घरी पोचतात की नाही एवढाच सिनेमा आहे आणि ते नियमाप्रमाणे मी सांगत नाही.

मी जेवते. ऑफिसला जाते. योगिनीताई सांगतात ते खरं आहे.

तुमची,
संजीवनी

---

जळगाव जामोद,
८ जुलै २०२४

चि. संजीवनीस आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. पदराचं वाचून बरं वाटलं. अशा गोष्टी शेखरला दिसायच्या नाहीत, त्या तुझ्याच असायच्या, हे मला आत्ता कळलं.

तो सिनेमा मलकापूरहून मी जायच्या आधीच उतरला. त्यामुळे दोघं पोचले की नाही, मला माहीत नाही. सांगूही नकोस. लागेल पुन्हा कधीतरी.

इथे पाऊस बरा आहे. सुट्टी संपून योगिनी पुन्हा शाळेत शिकवायला जाते. दुपारभर मी एकटा असतो. डोक्यात एकच रीळ फिरतं, म्हणून तुला लिहून टाकतो. तू सांगितलं होतंस, मलकापूरहून परतताना बस मोताळ्याला थांबली तेव्हा शेखरच्या छातीत दुखायला लागलं आणि राजूरचा घाट चढताना सगळं संपलं. परवा मी योगिनीला म्हटलं, हेच अर्धा-पाऊण तास आधी झालं असतं तर? मलकापुरात टॉकीजच्या मागच्या गल्लीतच मोठे दवाखाने आहेत. मी तिथे जन्म काढलाय, डोळे मिटून पोचवलं असतं. योगिनी म्हणाली, "बाबा, आता काऊन उगाळून राह्यले?" बरोबर आहे तिचं. ज्याच्या त्याच्या नशिबाची वेळ.

तुझ्याबद्दल तक्रार नाही, हे वेगळं सांगायला नको. तू शेजारी होतीस एवढंच मी धरून बसलोय.

पुढचा सिनेमा पाहिलास की लिही. पत्राची वाट पाहतो. या वयात वाट पाहायला तेवढंच आहे.

तुझा,
मामाजी

---

बुलढाणा,
२ ऑगस्ट २०२४

ती. मामाजींना साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. ऑफिसात तपासणी होती.

सिनेमा पाहिला. खुनाचा आहे. मोठं घर, तीन भाऊ, मधल्याचा खून होतो. सगळे एकमेकांवर संशय घेतात. नट ओळखीचे आहेत पण सगळे एकाच सुरात बोलतात, तुम्हाला त्याचा त्रास होणार नाही. त्यात एक वकील काका आहेत. पांढरे केस, मऊ बोलणं. मेलेल्या भावाच्या बायकोला सगळे टाकून बोलतात तेव्हा तेच तिच्या डोक्यावर हात ठेवतात, तिला जेवायला बसवतात. मला त्यांचंच काम आवडलं. असा माणूस प्रत्येक घरात असावा.

मत: बघायला हरकत नाही. काकांसाठी बघा.

वैष्णवीची परीक्षा जवळ आली आहे. छत्री हरवली, नवी घेतली. आणखी काही विशेष नाही.

तुमची,
संजीवनी

---

जळगाव जामोद,
१९ ऑगस्ट २०२४

चि. संजीवनीस आशीर्वाद.

काल मलकापूरला जाऊन तुझा वकील काका पाहून आलो.

तो पहिल्यांदा जिना उतरून आला तेव्हाच मी ओळखलं, खून याच्याच हातचा. तो सुनेच्या डोक्यावर हात ठेवतो तेव्हा तिच्याकडे बघत नाही, दाराकडे बघतो. मध्यंतरानंतर पहिल्या दहा मिनिटांत सगळं उघडं पडतं. खून त्यानेच केलेला. पुढे त्याच सुनेला तो विहिरीत ढकलायला नेतो. लोक शिट्या मारत होते आणि मला तुझं वाक्य आठवलं. असा माणूस प्रत्येक घरात असावा! मी इतका हसलो की पुढच्या रांगेतल्याने वळून पाहिलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसलो.

मग परतीच्या बसमध्ये नांदुऱ्याजवळ हसू गेलं.

सिनेमा पूर्ण पाहिलेला माणूस असं लिहूच शकत नाही. घरी आल्यावर तुझं जोडप्याचं पत्रही काढलं. माझ्याकडे तुमची सगळी पत्रं रिळाच्या एका जुन्या डब्यात आहेत, तुला माहीत आहे. बस सुटते, ट्रक, ट्रॅक्टर, रस्ता विचारणं. पुढचं एक अक्षर नाही. आधी तुम्ही दोघं शेवट सांगत नव्हते, पण दुसऱ्या भागातलं गाणं, मारामारी, रडारड सगळं लिहायचे. शेखर तर शेवटाच्या एक पाऊल अलीकडे आणून सोडायचा.

तू मध्यंतराला उठून घरी जातेस का गं?

रागवत नाही. अर्धा सिनेमा सोडून जाणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणाचं मूल रडतं, कुणाची शेवटची बस असते. तू काऊन जातेस एवढं सांग. मी वरच्या खिडकीतून चेहरे बघून माणूस ओळखणारा. कागदावर मला तुझा चेहरा दिसत नाही.

तुझा,
मामाजी

---

बुलढाणा,
३० ऑगस्ट २०२४

ती. मामाजींना,

हो. मध्यंतराला उठते.

दिवे लागले की मी पर्स घेऊन बाहेर येते आणि चालत घरी जाते. दोन्ही वेळा तसंच केलं. मला सिनेमा पाहायचा नव्हताच. तुमचं पत्र आलं होतं आणि तुम्हाला उत्तर हवं होतं, म्हणून जात होते.

मोताळ्याचं मी खोटं सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखत होतं, तेव्हा तोंडातून मोताळा निघालं. मग ताईंना तेच सांगितलं, मग तुम्हाला, मग तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला. आता इतक्यांदा सांगून झालंय की मोताळ्याचं स्टँड मला डोळ्यांसमोर दिसतं. तिथे काही झालं नव्हतं. तिथे तो झोपला होता.

त्या रविवारी आम्ही मलकापूरला गेलो कारण तुमच्या टॉकीजमध्ये नवं मशिन बसलंय असं त्याने ऐकलं होतं. त्याला ते पाहायचं होतं. तीनचा शो. मध्यंतरात बाहेर आलो. तुम्ही ज्या जिन्याने वर जायचे त्या जिन्यापाशी तो उभा राहिला आणि म्हणाला, "छातीत भरल्यासारखं होऊन राह्यलं. चालतं का घरी?"

मी म्हणाले, "आता अर्धा तर राह्यला. पाहूनच जाऊ. गॅस असंल." आणि त्याला लिंबूसोडा आणून दिला. त्याने अर्धा प्यायला, ग्लास मला दिला. उरलेला मी प्यायले. घंटा झाली, आम्ही आत गेलो.

दुसरा भाग मी पूर्ण पाहिला. मामाजी, मी तो आवडीने पाहिला. मधे एकदा त्याचा हात हातात घेतला, तो गार आणि ओला होता. मला वाटलं सोड्याच्या ग्लासाचा. बसमध्ये त्याला खिडकी दिली. घाटात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा हलवला नाही, झोप मोडेल म्हणून. वर बुलढाण्याचे दिवे दिसले तेव्हा मी त्याला हाक मारली.

मागच्या गल्लीतल्या दवाखान्यांचं तुम्ही लिहिलंत. ते खरंच तिथे आहेत. त्या जिन्यावरून त्यांच्या पाट्या वाचता येतात.

मला रडू येत नाही. लोकांना वाटतं मी धीराची आहे. मी धीराची नाही. मला काही वाटतच नाही, जीभ भाजल्यावर चव लागत नाही तसं. फाईल पुढे आली की सही करते. एवढंच एक जड होतं, ते आता तुमच्याकडे दिलं.

तुम्ही म्हणालात, मी शेजारी होते एवढंच तुम्ही धरून बसलाय. त्यासाठीच हे लिहिलं. आता ते धरून बसू नका. यानंतर तुमचं पत्र आलं नाही तर मी समजेन. ताईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

संजीवनी

---

जळगाव जामोद,
११ ऑक्टोबर २०२४

संजीवनी,

सहा आठवडे लिहिलं नाही. आजारी नव्हतो. राग आला होता.

राग आला हे लपवत नाही. तुझं पत्र डब्यातही ठेवलं नाही, उशीखाली ठेवलं आणि रोज काढून वाचलं. योगिनी विचारायची, "वहिनीचं पत्र आलं का?" मी मान हलवायचो. तिला सांगितलं नाही. सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, तो निर्णय माझ्या गळ्यात घालू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी मलकापूरला गेलो. तीनचा शो. मध्यंतरात त्या जिन्यापाशी उभा राहिलो. पाट्या दिसतात. सोडा मागितला आणि ग्लास हातात धरून बसलो. त्याने मला म्हटलं असतं, बाबा, छातीत भरतंय, तर मी काय म्हटलं असतं? हे मी खूप वेळ स्वतःला विचारलं. उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच विचारत होतो.

एक गोष्ट सांगतो. ती योगिनीच्या आईलाही मी कधी सांगितली नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे की माझी आई, मनकर्णाबाई, अचानक गेली आणि कुणाची भेट झाली नाही. शेखर तेव्हा पोटात होता. ती अचानक गेली नाही. घरून माझा भाऊ निवृत्ती सायकल हाणत आला, मशिनच्या खोलीत चढला आणि माझं नाव घेऊन कानात ओरडला, "भगवंता, चाल! मायचं काही खरं नाही!" पडद्यावर ठिपका आला होता. रीळ संपत आलं की वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, तो दिसला की ऑपरेटरने दुसरं मशिन सुरू करायचं, बाकी जग बुडालं तरी. खाली सातशे माणसं बसली होती. मी म्हटलं, "दोन रिळं राह्यली. लावून येतो." बदली माणूस खालीच होता. चहा पीत होता. हाक मारली असती तर आला असता. मी मारली नाही, कारण शेवट चांगला होता आणि मला तो लावायचा होता.

घरी पोचलो तेव्हा तिला खाली काढून ठेवलेलं होतं. निवृत्ती कुणाला काही बोलला नाही. मीही नाही. सगळे म्हणाले, नोकरीच तशी. मी मान हलवली. जसा तुझा मोताळा, तशी माझी ही नोकरी.

म्हणून तुझं पत्र वाचून राग तुझा आला की माझा, हे कळायला सहा आठवडे गेले. अजून नीट कळलेलं नाही. थोडा तुझा आहेच. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते मी लिहिलं आणि तू वाचलंस म्हणून काही हलणार नाही. पण पत्रं बंद करणार नाही. शेखरबद्दल ज्याच्याशी खरं बोलता येईल असं मला आता एकच माणूस उरलंय, आणि ते तू आहेस.

आता कामाचं. दिवाळीला लागणारा मोठा सिनेमा पडला तर आपले टॉकीजवाले ते यात्रेचं जोडपं पुन्हा लावणार आहेत, असं गेटवरचा अर्जुनराव सांगत होता. तू मलकापूरला ये. मी येणार नाही, तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी बसू नये. तीनचा शो पाहा आणि मध्यंतराला उठू नकोस. नियम मी मोडतो, मालक जाऊन वीस वर्षं झाली. मला शेवट लिही.

तुझा,
मामाजी

---

बुलढाणा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. मामाजींना साष्टांग नमस्कार.

काल गेले होते.

बारा वाजताच्या बसने निघाले. टॉकीजमध्ये तीसेक माणसं असतील. अर्जुनरावांनी मला ओळखलं, तिकीट फाडलं आणि पंखा लावला. मी कडेची खुर्ची घेतली. मध्यंतराला दिवे लागले. मी पर्स उचलली. मग ती मांडीवर ठेवली आणि पट्टा दोन्ही हातांनी धरून बसले. बाहेर सोडेवाल्याच्या बाटल्या वाजत होत्या. घंटा झाली. दिवे गेले.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा बरा आहे. ट्रॅक्टरवाला त्यांना एका लग्नाच्या मांडवात सोडतो आणि मुलीकडचे समजतात हे मुलाकडचे. तिथे लोक फार हसले. मी हसले नाही, पण या वेळी मी शेजाऱ्यांकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. मग नवऱ्याला चालवेनासं होतं. तो एका मैलाच्या दगडावर बसतो आणि म्हणतो, थोडं थांबू. बायको म्हणते, आता एवढंच तर राहिलंय.

मी खुर्चीचा हात धरला. मला वाटलं, उठावं. उठले नाही.

ती हे म्हणते, मामाजी, आणि त्याच्याकडे बघते. मग त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून दगडाशेजारी अंथरते आणि बसते. दोघं कितीतरी वेळ नुसते बसतात. संवाद नाही, संगीत नाही. तुम्हाला आणि मला तेवढा वेळ सिनेमा सारखाच दिसला असता. मला तिचा राग आला. इतका राग आला की कान गरम झाले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं आणि ते एका पडद्यावरच्या म्हातारीबद्दल वाटलं, कारण तिला बसायचं सुचलं.

परतीची बस मोताळ्याला थांबली तेव्हा मी खाली उतरून स्टँड पाहिलं. साधं स्टँड आहे. तिथे काही झालेलं नाही. डिसेंबरात ताई सुट्टीत इकडे येतील तेव्हा मी त्यांना सांगेन. तुम्ही तेव्हा खोलीत असावं असं मला वाटतं.

घाटात खिडकीशी मीच बसले होते.

शेवट लिहायचा राहिला. गावाच्या वेशीपासून ते चालत येतात. दाराला कुलूप, किल्ली त्या बसमध्ये गेलेल्या पिशवीत. मग ओट्यावर बसतात आणि ती पुन्हा त्याला बोलायला लागते, तुम्हाला चुकीच्याच माणसाला विचारायची खोड आहे. तिथे संपतो.

ते घरी पोचतात, मामाजी. दोघंही.

तुमची,
संजीवनी